खाणीच्या छोट्या रेल्वेचे खरे साल कोणते?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याला रेल्वे केव्हा आली, या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही बरोबर आहेत. खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. परंतु बोरघाटातील चढाचा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला होईपर्यंत मुंबईहून निघालेल्या उतारूला खोपोलीस उतरून पालखीने किंवा तट्टावरून घाट चढावा लागे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसावे लागे. एकाने १८५८ लिहिले आणि दुसऱ्याने १८६३ लिहिले म्हणून दोघांत भांडण लावण्याचे कारण नाही. साल कशाचे, हे विचारल्याशिवाय ते तपासता येत नाही, एवढेच.

वेल्समधील तालिलिन रेल्वेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. ही रेल्वे ब्रिन एग्लुइस येथील खाणीतला पाटीचा दगड समुद्रकाठच्या टाउइन गावापर्यंत आणण्यासाठी बांधली गेली. त्या काळी घरांच्या छपरांसाठी या दगडाला मोठी मागणी होती. खाणीत पैसा घालणारे मॅकॉनेल कुटुंब मँचेस्टरच्या कापड धंद्यातले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाची आवक आटली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या धंद्याकडे लक्ष वळवले. रुळांमधील अंतर २ फूट ३ इंच, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा तीन इंचांनी अधिक. जुन्या इंग्रजी मजकुरात टाउइनचे स्पेलिंग निराळे असते, म्हणून शोध घेताना दोन्ही रूपे पाहावी लागतात.

संसदेने या रेल्वेचा कायदा जुलै १८६५ मध्ये मंजूर केला. तिच्या 'तालिलिन' नावाच्या पहिल्या इंजिनाचे निर्मितिवर्ष मात्र १८६४ आहे. कायद्याच्या आधीच इंजिन कसे, असे म्हणून यांपैकी एक साल खोडून टाकण्याचा मोह होतो. वास्तविक मालकांनी परवानगीची वाट न पाहता इंजिनाची मागणी नोंदवली होती. इंजिनाचे साल कारखान्याचे आहे, कायद्याचे साल संसदेचे आहे आणि उतारूंची वाहतूक १८६६ च्या अखेरीस सुरू झाली. तीन नोंदी, तीन घटना.

मला या रेल्वेच्या कागदांत सर्वांत मोलाचा वाटतो तो सरकारी निरीक्षक कॅप्टन हेन्री टायलर यांचा १८६६ चा तपासणी अहवाल. अशा अहवालाचा लेखक कंपनीचा नोकर नसतो आणि त्याला कोणाची जाहिरातही करायची नसते, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. टायलर यांनी मार्गावरील पुलांखालची रुंदी मोजली, ती ९ फूट १ इंच भरली. डब्याची रुंदी ५ फूट साडेतीन इंच होती. वजाबाकी करा: डब्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी पावणेतेवीस इंच उरतात आणि नियमाप्रमाणे अडीच फूट, म्हणजे तीस इंच हवे होते. पूल पाडून पुन्हा बांधण्याइतका पैसा कोण खर्च करणार? कंपनीने पुलांखालचे रूळ एका बाजूला सरकवले, दुसऱ्या बाजूला पुरेशी जागा मिळवली आणि अरुंद बाजूची डब्यांची दारे कायमची बंद केली. आजही या गाडीत उतारू एकाच बाजूने चढतात-उतरतात. कागदावरील विधानाला असा लोखंडी आणि लाकडी पुरावा मिळतो, तेव्हा शंकेला फारशी जागा उरत नाही.

त्याच अहवालाचा एक उपयोग छायाचित्रांच्या बाबतीतही होतो. 'तालिलिन' इंजिन मुळात चार चाकांचे होते. ते धावताना फार उसळते, असा आक्षेप टायलर यांनी घेतल्यावर त्याला मागे आणखी दोन चाके जोडली गेली. म्हणून या इंजिनाच्या सहा चाकांच्या चित्राखाली कोणी तपासणीपूर्वीचे साल छापले असेल, तर ते चुकीचे आहे, हे खुशाल समजावे. मग ते साल कितीही पुस्तकांत आले असो. एकाने लिहिले आणि नवांनी उतरवले, तर साक्षीदार दहा होत नाहीत.

'पहिली' हा शब्द आला की अधिक सावध व्हावे. १९४६ साली खाण बंद पडली, मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० मध्ये वारले आणि त्यानंतर रेल्वेप्रेमींच्या संस्थेने हा मार्ग चालवायला घेतला. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातील पहिली रेल्वे, हा तिचा मान रास्त आहे. तो 'जगातील पहिली नॅरोगेज रेल्वे' असा ताणला गेला, तर मात्र खोटा ठरतो, कारण वेल्समधीलच फेस्टिनिऑग रेल्वेवर पाटीचा दगड १८३६ पासून उतरत होता. शिवाय त्या मे महिन्यातली गाडी संपूर्ण मार्गावर धावली नव्हती. ती टाउइनहून रिडरोनेनपर्यंतच जात असे.

लांबीच्या आकड्यांतही असाच गोंधळ दिसतो. कुठे साडेसहा मैलांच्या आसपासचा आकडा आढळतो, कुठे सव्वासात मैलांचा. उतारूंची गाडी अबरगनॉल्विन स्थानकापर्यंतच जात असे आणि त्यापुढचा नान्ट ग्वेर्नॉलपर्यंतचा तुकडा केवळ खाणीच्या मालासाठी होता. तो उतारूंसाठी खुला झाला १९७६ मध्ये. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील उतारूने नान्ट ग्वेर्नॉलचे तिकीट काढले, असे कोणी लिहिले, तर ते तिकीट आधी पाहायला मागावे.