देव्हारा, चूल आणि रग्बी

(दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमधल्या गणपतीच्या मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. आरती झाली, प्रसाद झाला, आणि जेवणाच्या आधी माझी बडबड ठेवलीय म्हणजे कमिटीने माझा काटाच काढलाय, कारण मसालेभाताचा वास सुटलाय आणि मागच्या रांगेतल्या काकांचं लक्ष आत्ताच किचनकडे लागलंय. लवकर आवरते.

विषय कसा सुचला ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव इथल्या एका मुलांच्या शाळेत आठवीत गेले. नुसत्या मुलांची शाळा, ब्लेझर, टाय, शनिवारी सक्तीने रग्बीची मॅच बघायची. मी कोल्हापूरची, आमच्याकडे मुलांना घडवायला तालीम असते, लाल माती, पहाटेच्या जोर-बैठका आणि वस्ताद. इथे सगळं तेच, फक्त मातीच्या जागी गवत आणि वस्तादाच्या गळ्यात शिट्टी. पोरगं अंडर-फिफ्टीनच्या डी टीममध्ये आहे, म्हणजे ए बी सी संपल्यावर जे उरतात त्यांच्यात, पण घरी त्याचा रुबाब विचारू नका.

तर त्या टीमची मॅच होती पीटरमॅरिट्सबर्गला, मॅरिट्सबर्ग कॉलेजविरुद्ध. नाव कॉलेज पण आहे ती हायस्कूल, आणि या प्रांतातली मुलांची सगळ्यात जुनी हायस्कूल, 1863 ची. डर्बनहून ऐंशी किलोमीटर, पहाटे उठून एन-थ्रीवरून गेलो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गोल्डस्टोन्स म्हणून त्यांचं मुख्य मैदान आहे, तिथे दिवसाचा शेवट फर्स्ट टीमच्या मॅचने होतो, सकाळपासून आजूबाजूच्या मैदानांवर लहान टीम्स लोळत असतात. आमची डी टीम सकाळी आठला, गवतावर दव, पोरांच्या तोंडातून वाफा निघतायत, आणि बघायला आम्ही पाच-सहा आया आणि एक कुत्रा. दुपारी तेच गाव पालटतं. लाल, काळ्या, पांढऱ्या रंगांची अख्खी भिंत उभी राहते पोरांची, आणि मग वॉरक्राय, म्हणजे शाळेची सगळ्यांनी मिळून द्यायची युद्धघोषणा. आपल्याकडे ढोलताशा पथक वाजायला लागल्यावर छातीत जे होतं ना, तेच, फक्त ढोल नाही, नुसते शेकडो गळे आणि पाय.

मॅच हरल्यावर पोरगं चिखलाने माखलेलं आलं, मी शर्ट ओढून पुसायला गेले तर म्हणतं, आई, इथे नको. मग मी उगाच इकडेतिकडे बघत बसले आणि समोरच्या एका पोराच्या ब्लेझरवरच्या बॅजकडे लक्ष गेलं. या शाळेच्या बॅजवर बराच काळ एकमेकांवर तिरकी ठेवलेली दोन हत्यारं होती, एक कार्बाइन बंदूक आणि एक झुलू असेगाई, म्हणजे भाला. वसाहतीतल्या लढायांची आठवण, सरळ पोरांच्या छातीवर. खाली लॅटिन ब्रीदवाक्य, प्रो आरिस एत फोकिस. घरी येऊन अर्थ शोधला. वेदीसाठी आणि चुलीसाठी. आपल्या भाषेत सांगायचं तर देव्हारा आणि चूल, ज्यांच्यासाठी माणूस लढतो त्या दोन जागा. मला पटकन आमच्या आजीचं स्वयंपाकघर दिसलं, एका कोपऱ्यात देव, दुसऱ्यात चूल. आणि मग प्रश्न पडला, की कुणाची चूल?

आता थोडा इतिहास, कंटाळू नका. ट्रुरो जहाज हिंदुस्थानातले गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधलेले मजूर घेऊन या आपल्या डर्बनच्या बंदराला लागलं 16 नोव्हेंबर 1860 ला. शाळा 1863. मध्ये तीन वर्षं! म्हणजे एकीकडे वसाहतीला ऊस तोडायला माणसं हवी होती आणि दुसरीकडे वसाहत चालवायला पोरं. दोन्हीची सोय एकाच वेळी झाली. आम्ही उसाच्या पट्ट्यातले, त्यामुळे उसाचं गणित आम्हाला लगेच कळतं. मळेवाल्याचं पोर बोर्डिंगमध्ये, तोडकऱ्याचं पोर फडात. आमच्या कोल्हापुरात बोर्डिंग म्हटलं की शाहू महाराज आठवतात, ज्यांना शिकायला दार नव्हतं त्यांच्यासाठी काढलेली बोर्डिंगं. इथे शब्द तोच, बोर्डिंग, पण आतली पोरं वेगळी.

शाळेची सुरुवात मात्र साधीच, बर्गर स्ट्रीटवरच्या एका पडीक घोडागाडीच्या शेडमध्ये. आज जी लाल विटांची देखणी इमारत दिसते, क्लार्क हाऊस, ती 1888 ची. क्लार्क नावाचे हेडमास्तर 1879 ते 1902 होते, ती इमारत त्यांच्या नावाची. बोअर युद्धात ब्रिटिशांनी शाळा ताब्यात घेऊन तिथे लष्करी हॉस्पिटल केलं होतं, वर्गांत बाकांऐवजी खाटा.

आणि हे लक्षात घ्या, 7 जून 1893 च्या रात्री याच गावच्या स्टेशनवर गांधीजींना फर्स्ट क्लासमधून खाली उतरवलं. क्लार्क हाऊस तेव्हा पाच वर्षांचं होतं. स्टेशन आणि शाळा एकाच गावात, गाडीने थोड्या मिनिटांचं अंतर. आपण सगळे पाहुणे आले की स्टेशन दाखवायला नेतो, पाटीजवळ फोटो काढतो, शाळेपुढून तसेच निघून जातो. मी पण तेच करायचे.

मग आपल्या लोकांची पोरं शिकायची कुठे? याचं उत्तर आपल्या डर्बनमध्येच आहे आणि त्याची एक दोरी पुण्याला बांधलेली आहे, हे मला फार आवडतं. नामदार गोखले 1912 साली या देशात येऊन फिरून गेले हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी 1905 मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला, त्यांच्यानंतर त्याचे अध्यक्ष झाले श्रीनिवास शास्त्री, आणि हेच शास्त्री 1927 मध्ये हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट, म्हणजे प्रतिनिधी म्हणून इथे आले. त्यांनी इथल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या मागे लागून पैसा उभा केला आणि 1929 मध्ये शास्त्री कॉलेज उभं राहिलं, भारतीय मुलांसाठी हायस्कूल. म्हणजे त्या शेडमधल्या शाळेनंतर सहासष्ट वर्षांनी. ब्लेझर आणि टाय त्यांनीही घातले, का नाही घालायचे?

या जुन्या शाळांमधून निघालेली सगळीच माणसं एका साच्यातली नव्हती हे पण सांगायला हवं. अ‍ॅलन पेटन, लेखक, मॅरिट्सबर्ग कॉलेजचे विद्यार्थी, नंतर तिथेच शिक्षक. 1935 मध्ये ते जोहान्सबर्गजवळच्या डीपक्लूफला गेले, तेही मुलांचंच वसतिगृह पण काळ्या मुलांचं सुधारगृह, कुंपणाच्या आत कोंडलेल्या पोरांचं. त्यांनी कुंपण काढलं, फुलझाडं लावली, पोरांना सुट्टीला घरी सोडायला लागले. या दोन्ही जागा एका माणसाने आतून बघितल्या, मला वाटतं हे ब्रीदवाक्यापेक्षा मोठं आहे.

गोऱ्यांच्या या शाळांचं दार बाकीच्यांसाठी उघडलं कसं, याची गोष्ट तर अगदी आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखी आहे. 1990 मध्ये सरकारने सांगितलं, गोऱ्यांच्या सरकारी शाळांना इतर मुलं घ्यायची असतील तर पालकांचं मतदान घ्या. अट काय, तर 80 टक्के पालकांनी मत द्यायचं आणि 72 टक्के हो म्हणाले पाहिजेत. आता आपल्या मंडळाच्या एजीएमला किती येतात ते आठवा! तरी बऱ्याच शाळांनी मतदान केलं आणि 1991 पासून वर्ग बदलायला लागले. पुढे मॉडेल सी आलं, त्यात मास्तरांचा पगार सरकारचा आणि बाकी खर्च पालकांचा, आणि तो शब्द असा चिकटला की अजूनही कुणी फाडफाड इंग्रजी बोललं की लोक म्हणतात, मॉडेल सी वाटतं. 1996 च्या कायद्याने छडी बंद झाली, फी ठरवायला पालकांची गव्हर्निंग बॉडी आली. म्हणजे हाकललं कुणी नाही, पण फीचा आकडा दारात उभा राहिला, आणि या हॉलमधले बहुतेक जण तो आकडा भरू शकतात म्हणून आत आहेत. मी पण त्यातलीच.

डर्बन हायस्कूलचं बघा, 1866 ची शाळा, तिथे पोर्तुगीज कवी पेसोआ शिकला, आणि शंभरएक वर्षांनी सुरतेच्या मुळाचा हाशिम आमला. हाच पुढे 2014 मध्ये देशाचा टेस्ट कॅप्टन. मॅरिट्सबर्ग कॉलेजचं खातं तर क्रिकेटवाल्यांना तोंडपाठ पाहिजे, जॉन्टी ऱ्होड्स, केव्हिन पीटरसन, डेव्हिड मिलर. 1995 च्या रग्बी वर्ल्ड कप फायनलला एक्स्ट्रा टाइममध्ये ड्रॉप गोल मारणारा जोएल स्ट्रान्स्कीही तिथलाच. आणि मिलर म्हटल्यावर 29 जून 2024, भारत-दक्षिण आफ्रिका टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल! शेवटच्या ओव्हरला 16 हवे, हार्दिकचा पहिलाच बॉल मिलरने उचलला आणि आपल्या मुंबईच्या सूर्याने बाउंड्रीवर आतबाहेर करत तो पकडला. मी किंचाळले, आणि चिरंजीव सोफ्यावर तोंड पाडून बसले. चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तेव्हा कळलं की याची चूल आता इथे आहे.

सगळं गोड आहे असं नाही. पहिल्या टर्मला एक मॅट्रिकचा, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा आमच्या पोराकडून रोज स्वतःची बॅग उचलून घ्यायचा, परंपरा म्हणून. शाळेचं नाव घेत नाही. मी मेल लिहिली, मुलगा म्हणाला पाठवू नकोस, मी पाठवली, बॅग थांबली, आणि मुलाने महिनाभर मला ऐकवलं. आता हाच पुढे मॅट्रिकला गेल्यावर काय करतो ते बघायचंय, तेव्हा मेल मी त्याच्याविरुद्ध लिहीन असं आत्ताच सांगून ठेवलंय.

पुढच्या शनिवारी सकाळी आठला घरच्या मैदानावर डी टीम आहे. कुणाला यायचं असेल तर या, खुर्ची आपापली आणायची, दशम्या माझ्याकडे. फक्त जोरात 'शाब्बास रे' ओरडू नका, मला सक्त ताकीद आहे. चला, काका उठलेच, पानं घ्या.