कोल्ह्याचं नाव कुठेच नाही

नमस्कार श्रोतेहो.

आज पुस्तकांची शिफारस करायला बसले आहे. तीही अशा दोन प्रकारांची, ज्यांची नावं सहसा कुणी एका दमात घेत नाही. एक रहस्यकथा आणि दुसरं छोट्या मुलांची चित्रपुस्तकं. वाचनालयात यांची कपाटं दोन टोकांना असतात. एकासमोर रिकामटेकडे म्हणवले जाणारे मोठे उभे असतात, दुसऱ्यासमोर शर्टाची बाही ओढणारी पोरं. मला मात्र ही दोन्ही एकाच घराण्यातली वाटतात. का, ते एका कोंबडीवरून सांगते.

पॅट हचिन्स या इंग्लिश लेखिकेचं ‘रोझीज वॉक’ हे चित्रपुस्तक १९६८ साली आलं. चित्रंही तिचीच. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. अंगणातून, तळ्याकाठून, गवताच्या गंजीवरून, पिठाच्या गिरणीजवळून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी पोचते. संपली गोष्ट. अख्ख्या पुस्तकात इंग्रजीतले ३२ शब्द, आणि तेही एकाच वाक्यात. पण चित्रात तिच्या मागे दबा धरून एक कोल्हा चालतोय. त्याचा पाय दाताळ्यावर पडतो आणि दांडा थोबाडावर बसतो. मग तो तळ्यात पडतो, अंगावर पीठ सांडून घेतो, शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. आणि मजकुरात या कोल्ह्याचं नाव कुठेच नाही! वाचून दाखवणारा मोठा माणूस अक्षरांना धरून निघालेला असतो, आणि मांडीवरचं पोर ओरडतं, “अरे, मागे बघ, कोल्हा!” ज्याला अक्षर येत नाही त्याला गोष्ट आधी कळलेली असते. रोझीला कोल्हा ठाऊक असतो की नसतो, यावर घरात भांडण लावून बघा. छान रंगतं.

आता सांगा, चांगली रहस्यकथा याहून वेगळं काय करते? रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधले धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ मध्ये या लेखनासाठी दहा नियम सांगितले. त्यातला एक असा, की गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. म्हणजे कोल्हा चित्रात हवाच. तुम्हाला दिसला नाही तर तो तुमचा दोष.

या खेळात अगाथा ख्रिस्तीचा हात धरणारं कुणी नाही. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळाच्या औषध विभागात काम करायची. विषांची माहिती तिला तिथे झाली आणि पुढे जन्मभर कामी आली. तिची खूप पुस्तकं आहेत, आणि सगळी सारखी चांगली नाहीत, हे मी तिची भक्त असून सांगते. एकच वाचायचं असेल तर १९२६ चं ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ वाचा. निवृत्त झालेला तिचा गुप्तहेर पॉयरो खेड्यात येऊन भोपळ्याच्या वेलींची मशागत करत बसलाय, आणि गावातल्या धनाढ्य गृहस्थाचा खून होतो. याहून जास्त सांगणार नाही. पुस्तक संपलं की मात्र परत मागे जाऊन काही पानं वाचा. तेव्हा बाईंचा खरा हात दिसतो.

खुनी कोण, यात ज्यांना रस वाटत नाही अशा मंडळींसाठी केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही कादंबरी आहे. मूळ जपानी पुस्तक २००५ चं, इंग्रजीत सहज मिळतं. खून कुणी केला ते इथे सुरुवातीलाच कळतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो लपवायला मदत करतो. आता आपल्याला सगळंच ठाऊक आहे, अशा भ्रमात आपण निवांत वाचत जातो. तो भ्रम लेखकाने मुद्दाम दिलेला असतो. माझ्या मते गेल्या काही दशकांतल्या रहस्यकादंबऱ्यांत हिच्या तोडीच्या फार थोड्या आहेत.

मराठीत येऊ. बाबुराव अर्नाळकरांचं नाव काढलं की एका पिढीचे डोळे चमकतात. हजारावर रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू यांच्यासाठी लोक पुस्तकं भाड्याने आणत, पाठ्यपुस्तकात लपवून वाचत. पण खरं बोलते, त्यात दुवे जुळवायला जाऊ नका. तिथे वेगाची मजा आहे. पाठलाग, वेषांतर, भुयार, आणि नायक ऐन वेळी हजर. एका बैठकीत एक वाचावी आणि दुसरी महिन्याने. त्यानंतरचे सुहास शिरवळकर वेगळे. त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास वाचून कॉलेजातली कितीतरी मुलं वाचनाकडे वळली. संवाद आजही ताजे वाटतात.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर भिरभिरणारा. संकट दिसलं की तोंडातून ‘ट्टॉक’! मुलाने आधी सिनेमा बघितला असेल तरी पुस्तक द्या, पुस्तकातला बन्या वयाने लहान आहे आणि म्हणूनच जास्त धाडसी वाटतो. त्याच्या जोडीला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा द्या. १९६५ साली ‘संदेश’ या बंगाली मुलांच्या मासिकात तो पहिल्यांदा आला. हे मासिक राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी १९१३ मध्ये सुरू केलेलं. मराठीत अशोक जैन यांनी केलेले अनुवाद आहेत. सुरुवात ‘सोनेरी किल्ल्या’च्या गोष्टीपासून करा. मागचा जन्म आठवतो म्हणणारा मुकुल, राजस्थानातली रेल्वे, आणि उंटावर बसायला निघालेले रहस्यकथाकार लालमोहनबाबू. राय स्वतः चित्रकार. फेलूदाच्या मूळ गोष्टींतली चित्रंही त्यांनीच काढली.

आणि चित्रांवरून पुन्हा छोट्यांकडे. रेडिओवरून चित्रपुस्तकाबद्दल बोलायचं म्हणजे जरा अवघडच काम, पण बघू या. जॉन क्लासेन यांचं ‘आय वॉन्ट माय हॅट बॅक’ हे २०११ चं पुस्तक म्हणजे चार वर्षांच्या मुलाची पहिली रहस्यकथा. अस्वलाची टोपी हरवली आहे. भेटेल त्या प्राण्याला ते अदबीने विचारतं. ससा म्हणतो, मला काय विचारता, मी नाही पाहिली, मी कशाला टोपी चोरू! आणि त्याच्या डोक्यावर टोकदार लाल टोपी. अस्वल आभार मानून पुढे जातं. इथे मुलं कळवळतात. शेवट काही पालकांना पचत नाही. ससा कुठे गेला, हे पुस्तक सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. मुलाला विचारा आणि त्याचं उत्तर ऐकून घ्या.

आपल्याकडे हे काम माधुरी पुरंदरे यांनी केलंय. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, लिहिणाऱ्याही त्याच आणि चित्रं काढणाऱ्याही त्याच. ‘राधाचं घर’ अगदी लहानांसाठी, यशच्या गोष्टी त्याहून थोड्या मोठ्यांसाठी. या पुस्तकांत राक्षस नाही, परी नाही, उपदेश तर नाहीच. घरातली माणसं आहेत, आणि ती आपल्या ओळखीची निघतात. त्यांचं ‘चित्रवाचन’ हे तर मुलांनी चित्र बघून बोलावं यासाठीच आहे. ते उघडलंत की तुम्ही गप्प बसायचं.

चित्रपुस्तक वाचताना आपण सगळ्यात जास्त नुकसान घाई करून करतो. मजकूर दोन ओळींचा, म्हणून पान दोन क्षणांत उलटतो. पान उलटायचा अधिकार मुलाला द्या. शब्दांखालून बोट फिरवत बसू नका, त्याची नजर चित्रावरून निघून तुमच्या बोटावर येते. आणि ‘मग यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न तर कृपा करून विचारू नका. अगाथा ख्रिस्ती वाचून झाल्यावर तुम्हाला कुणी असं विचारलं तर?

पुस्तकं महाग वाटत असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर जा. २०१५ पासून ते सुरू आहे. मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत, आणि वाचायला पैसे पडत नाहीत. पण शक्य असेल तिथे कागदाचंच पुस्तक घ्या. मोबाइलच्या पडद्यावर कोपऱ्यातला कोल्हा बारीक होतो, आणि मुलाला पान मागे नेऊन “तो आधीपासून इथे होता!” असं दाखवण्याची गंमत कमी होते.

एक विनंती राहिली, वाचनालयाच्या सभासदांना. रहस्यकादंबरी परत करताना पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवणारे महाभाग अजून आहेत. लिहायचंच असेल तर निदान चुकीचं नाव लिहा.

नमस्कार.