पंच म्हणून पहिली सही

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरचा खुनाचा खटला ज्युरीपुढे, म्हणजे साध्या नागरिकांच्या मंडळापुढे चालला. नऊ जणांपैकी आठ जणांनी आरोपीला निर्दोष ठरवलं होतं. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. पण फौजदारी खटल्यात साध्या नागरिकाला हाक मारणारं एक काम आजही आहे. ते म्हणजे पंचाचं: पोलिसांची झडती, जप्ती स्वतः बघायची आणि तिच्या लेखी नोंदीवर, म्हणजे पंचनाम्यावर, साक्षीदार म्हणून सही करायची.

पोलीस दारात येतात आणि म्हणतात, "साहेब, पंच म्हणून पाच मिनिटं या." पाच मिनिटांत ते काम होत नाही, दोन-तीन तास धरून चाला. झडतीसाठी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हवेत, असं कायदा सांगतो. स्वतंत्र म्हणजे फिर्यादी, आरोपी आणि पोलीस या तिघांशीही हितसंबंध नसलेला. तुमचं नातं, वैर किंवा उधारी असेल तर ते तिथेच सांगा. झडतीचं बोलावणं लेखी असेल आणि सबळ कारण नसताना तुम्ही नकार दिलात, तर तो गुन्हा ठरू शकतो.

आधी कसला पंचनामा आहे ते विचारा. घटनास्थळाचा, झडती-जप्तीचा, इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा, की आरोपीच्या निवेदनाचा? प्रत्येकात बघायच्या गोष्टी वेगळ्या असतात. घटनास्थळी चतुःसीमा, उजेड कुठून येतो, वस्तू कुठे आणि किती अंतरावर पडली आहे, हे बघा. अंतर टेपने मोजायला सांगा, "अंदाजे दहा फूट" उलटतपासणीत टिकत नाही. झडतीत आत शिरण्याआधी पोलिसांची आणि तुमची स्वतःचीही अंगझडती घरमालकाला घेऊ द्या, म्हणजे वस्तू बाहेरून आणून ठेवली हा आरोप तिथेच संपतो. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते.

निवेदन पंचनाम्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. "लपवलेला कोयता काढून देतो," असं आरोपीने तुमच्या कानांवर पडेल असं सांगायला हवं. त्यानंतर गाडी कुठे वळवायची ते त्याने सांगायचं, पुढे तो चालणार आणि वस्तू त्यानेच काढून द्यायची. पोलीस आधीच त्या जागी पोचले होते किंवा कोयता उघड्यावर सगळ्यांना दिसत होता, असं निघालं तर त्या पुराव्यात फारसं काही उरत नाही. म्हणून पुढे कोण चाललं, हे नक्की लक्षात ठेवा.

वस्तू सापडली की तिचं वर्णन तुमच्या डोळ्यांसमोर लिहिलं गेलं पाहिजे: पात्याची लांबी, मुठीचा रंग, मोबाइलचा आयएमईआय म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, नोटांचे नंबर. मग मुद्देमाल कागदात गुंडाळून दोरा बांधतात, लाखेचं सील करतात आणि तुमच्या सह्यांचं लेबल लावतात. हे सगळं जागेवरच व्हायला हवं. ठाण्यात नेऊन सील केलं, तर मधल्या वाटेत काय झालं हा प्रश्न कोर्टात येणारच, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करावं लागतं. ते चालू आहे ना, बघा. पण चित्रण आहे म्हणून तुम्ही दुसरीकडे बघत बसू नका.

आता सही. कोऱ्या कागदावर करू नका, कोणी कितीही घाई केली तरी. पंचनामा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ वाचा, प्रत्येक पान वाचा. जे बघितलं नाही ते लिहिलेलं असेल तर दुरुस्ती करायला लावा, आणि खोडाखोडीपाशी सही करा. ठाण्यात आधीच टाइप करून ठेवलेला पंचनामा हा खटल्यातला सगळ्यात कच्चा दुवा असतो. घरी आल्यावर तारीख, ठाणं, गुन्हा क्रमांक आणि बघितलेलं चार ओळींत वहीत लिहून ठेवा. कोर्टाचं समन्स काही वर्षांनी येऊ शकतं, तोवर तपशील पुसट झालेले असतात. पत्ता बदलला तर पोलीस ठाण्यात कळवा.

कोर्टात शपथ झाली की आधी सरकारी वकील विचारतात, मग बचावाचे वकील उलटतपासणी घेतात. याआधी कितीदा पंच झालात, पंचनामा कोणी लिहिला, आज साक्षीआधी तो वाचायला दिला का, असं विचारतात. वाचला असेल तर हो म्हणा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, अंदाज सांगू नका. न्यायाधीशांनी परवानगी दिली तर पंचनामा बघून आठवण ताजी करता येते. "सही माझी, पण मजकूर ठाऊक नाही" असं म्हणणारा पंच फितूर जाहीर होतो, आणि तपासातली ती कडी तिथेच निखळते. शपथेवर मुद्दाम खोटं सांगणं हा वेगळाच गुन्हा आहे.

समन्स आणि ओळखपत्र बरोबर न्या. सरकारी पक्षाच्या साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता मिळू शकतो, पण तो मागावा लागतो. साक्ष झाली की कोर्टातल्या कारकुनाकडे विचारा, आणि कामावर दाखवायला हजेरीचा दाखलाही तिथूनच घ्या.