अंबारखाना ते गुऱ्हाळ

हा पन्हाळ्याचा अंबारखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं. या पायऱ्यांवरून धान्य वर न्यायचं आणि छताच्या भोकातून आत सोडायचं. एकट्या गंगेत 25 हजार खंडी मावायचं, असं सांगतात. रयतेचा शेतसारा इथं ढिगानं दिसायचा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाचा वाटा धान्याचा सहावा. शिवकाळात पाचांतले दोन सरकारचे, तीन रयतेचे. म्हणजे ओझं हलकं नव्हतं. पण द्यायचं ते पिकलेल्यातलं. बी घरचं, शेणखत घरचं, बैल दावणीचे. नांगर सुतार करायचा, फाळाला धार लोहार लावायचा, आणि दोघांचं बलुतं सुगीला खळ्यावर. पैसा लागायचा तो मिठाला, लोखंडाला. बलुत्याला जातीचा जाच होता, वेठ होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1918 साली वेठीला बांधणारी महार वतनं रद्द केली.

आता करवीर तालुक्यातलं हे गुऱ्हाळ. अजून उजाडायचं आहे. घाण्यातून रस येतोय, चुलवाणात उसाचीच चिपाडं जळताहेत. विकतचं सरपण नाही! काहिलीत रस तापला की रानभेंडीचं पाणी पडतं आणि मळी वर येते. ती झाऱ्यानं काढत राहायची, जराही हयगय नाही. मग उकळीचा रंग पालटतो. गुळव्या चार थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. त्याच्या हाताला कळलं की काहील उतरली. वाफ्यात ओतायचं, घोटायचं, साच्यात भरायचं. ऊस रानातला, जाळण उसाचं, हुन्नर माणसाचा. जुन्या गावातलं एवढं अजून शाबूत आहे.

बाकीचं दुकानातून येतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. पण खताच्या पोत्यात पाच टक्के जीएसटी आहे. पंपाच्या डिझेलात केंद्राचं उत्पादन शुल्क आहे, राज्याचा व्हॅट आहे. सुटा गूळ करमुक्त. त्याच गुळाच्या छोट्या पाकिटावर लेबल लागलं की जुलै 2022 पासून पाच टक्के. पीक बुडालं तर राजाचा सहावा वाटाही घटायचा. पोत्यातला कर पेरणीआधीच भरून झालेला असतो.

टेम्पो भरला. ढेपा मार्केट यार्डाला निघाल्या. संध्याकाळी हाच टेम्पो परत येतो, खताची पोती घेऊन.