अडकित्ता आणि अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या घरात एखादी मुलगी किंवा मुलगा एक्स-रेचा डिप्लोमा नाहीतर रेडिओग्राफीची पदवी घेऊन बसलेला असेल आणि आता सीटी-एमआरआयच्या वरच्या प्रशिक्षणाला अर्ज करायचं म्हणत असेल, तर त्याला जरा रेडिओजवळ बोलवा. आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे.

आधी एक घोटाळा मिटवू. डीएमएलटी वेगळं. ते लॅबचं, रक्त-लघवी तपासायचं. आपण बोलतोय ते इमेजिंगचं, म्हणजे शरीराच्या आतलं चित्र घ्यायचं. सोयरिकीच्या बायोडाटात दोघांनाही 'दवाखान्यात आहे' म्हटलं तरी चालतं. अर्जात चालत नाही. पात्रतेच्या ओळीत जो अभ्यासक्रम मागितला आहे तो तुमच्याकडे आहे का, एवढं पाहूनच पैसे भरा.

दुसरी गोष्ट, नाव. दहावीच्या सनदेवर जे नाव आहे, तेच नाव, त्याच क्रमानं. आधार कार्डावर 'राव' लागलं, डिप्लोमाच्या सनदेवर बापाचं नाव गळलं, असं आपल्याकडे फार. जळगावच्या एसटी स्टँडवर 'ओ पाटील' म्हणून हाक मारा, अर्धा स्टँड मागे वळून बघतो. तेव्हा पुन्हा सांगतो: दहावीच्या सनदेवरचं नाव, तेच नाव, त्याच क्रमानं.

अनुभवाचा दाखला घ्याल तो 'होतकरू व प्रामाणिक आहे' असा नको. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या मशीनवर, हे त्यात हवं. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला, वापरला असेल तर डोसची नोंद मागून ठेवा. आपल्या अणुऊर्जा नियामक परिषदेनं रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (हे डोसचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30, अशी मर्यादा घालून दिली आहे. मुलाखतीत हे विचारतात. आणि विचारलं नाही तरी ती नोंद तुमच्या अंगाची आहे. बॅज कपाटात आणि माणूस मशीनपुढे, असे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत. तीच माणसं लेड एप्रन घडी घालून खुर्चीवर टाकतात. घडीवर आतलं शिसं चिरतं हो! एप्रन खुंटीला टांगायचा असतो, ते काय इस्त्रीचं धोतर आहे? असो.

आता खरा रकाना. 'हे प्रशिक्षण तुम्हाला का घ्यायचं आहे?' बहुतेक मुलं तो सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतात. लहानपणापासून रुग्णसेवेची आवड, मानवतेची सेवा वगैरे. एका कॅफेतून निघालेल्या दहा अर्जांत आवड तीच आणि मानवताही तीच. तिथे काय लिहायचं, हे मला एका अडकित्त्यानं शिकवलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी नुकताच डिप्लोमा करून सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात एक्स-रेवर लागलो होतो. तेव्हा काँप्युटर नव्हता. कॅसेटमध्ये फिल्म, अंधाऱ्या खोलीत लाल दिवा, डेव्हलपर आणि फिक्सरच्या टाक्या, आणि त्या वासानं संध्याकाळी जेवण नको व्हायचं. मे महिना होता. ओट्यावरून घसरून पडलेल्या एका म्हातारीला सून हाताला धरून घेऊन आली. कंबर दुखत होती. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, कंबरेचा एक्स-रे.

मी नवा, शिकून आलेला. पुस्तकात होतं तसं विचारलं, "माय, आंगवर काही धातूनं शे का?"

"नही रे भाऊ, काहीच नही."

कंबरेचा चांदीचा पट्टा मला दिसला, तो काढून सुनेच्या हातात दिला. खूश होऊन म्हातारीला टेबलावर निजवलं, श्वास धरायला सांगितला, बटण दाबलं. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली आणि ओली ओलीच बाहेर आणून दिव्यापुढे धरली. उजव्या कंबरेच्या हाडावर अडकित्ता! दोन दांड्या, मधला खिळा, पातं, सगळं पांढरंशुभ्र. इतका सुंदर अडकित्ता मी बाजारात पाहिला नव्हता. शेजारी चुन्याची डबी.

तेवढ्यात डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "काय रे, हाड मोडलंय ते बघायचंय का सुपारी फोडायचीय?"

मी तसाच आत गेलो. "माय, हाऊ काय शे?" म्हातारीनं लुगड्याच्या ओच्यात खोवलेली चंची काढली, उलगडली आणि अडकित्ता माझ्यापुढे धरला. वर मलाच झापलं, "तू धातू इचारं. हाऊ ते लोखंडना शे!"

आता यावर काय बोलायचं? तिचं खरंच होतं. धातू हा शब्द शाळेतला. लोखंड घरातलं. मी शाळेतला शब्द वापरला आणि तिनं घरातलं उत्तर दिलं. दुसरा एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, म्हातारी सुपारी चघळत घरी गेली. पण माझ्या चुकीनं तिला दुसऱ्यांदा किरणं घ्यावी लागली आणि सरकारची एक फिल्म वाया गेली. रजिस्टरला मी 'रिपीट' लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, शेवटी 'अडकित्ता' लिहिलं.

पुढे मला वाचनात आलं की 1895 च्या नोव्हेंबरात रॉन्टजेननं क्ष-किरण शोधले आणि डिसेंबरात बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, त्यात बोटातली अंगठी तशीच उमटली आहे. तेव्हा जरा बरं वाटलं. त्याला पुढे 1901 चं पहिलं भौतिकीचं नोबेल मिळालं. मला डॉक्टरांची बोलणी मिळाली.

दोन-तीन वर्षांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात सीटी-एमआरआयच्या प्रशिक्षणाची जाहिरात निघाली. अर्ज एसटीत मांडीवर धरून लिहिला. 'का घ्यायचं आहे' या रकान्यात मोडक्यातोडक्या इंग्रजीत हीच हकीकत लिहिली, चुकीसकट. अडकित्त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'अडकित्ता'च लिहिलं. पोस्टात टाकताना मित्र म्हणाला, "येडा शेस का? आपली चूक कोणी अर्जात लिहितं?"

बोलावणं आलं. भुसावळहून रात्रीची गाडी धरली. समोर तिघं बसलेले. त्यातल्या मॅडमना मराठी नीट येत नव्हतं. त्यांनी अर्जातल्या त्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे? मी दोन्ही हातांनी सुपारी फोडून दाखवली. कोपऱ्यातले म्हातारे सर इतके हसले की चहा सांडला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "हीच बाई एमआरआयला आली असती तर?"

मी म्हटलं, "सर, मग अडकित्ता तिच्या कंबरेला राहिला नसता. उडून मशीनला चिकटला असता, वाटेत कोण येईल त्याला घेऊन."

"मग तू काय विचारशील?"

"धातू विचारणार नाही. चावी, पिन, डबी, अडकित्ता, एकेक नाव घेऊन विचारीन. तिच्या बोलीत विचारीन. आणि विचारून झाल्यावरही चंची सोडून बघीन."

पुढचा प्रश्न आलाच नाही.

त्या उत्तरामागचं शास्त्र थोडक्यात सांगतो. एमआरआयमध्ये किरणं नाहीत, चुंबक आहे. 1.5 टेस्लाचा म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. तो द्रवरूप हेलियमनं उणे 269 अंशांना थंड ठेवलेला असतो. बाहेर आपल्याकडे मे महिन्यात 45 आणि आत उणे 269, विचार करा. इतक्या थंडीत तारेतून वीज अडथळ्याविना फिरत राहते, म्हणून लोडशेडिंग झालं तरी चुंबक चालूच. मशीन शांत आहे, पेशंट नाही, रात्र आहे, तरी चुंबक चालूच. पुन्हा सांगतो, चुंबक चालूच असतो. पेसमेकर विचारा, मेंदूतली क्लिप विचारा. आणि वेल्डिंग, ग्राइंडरवर काम केलेला माणूस असेल तर डोळ्यात कधी कीस गेला होता का, हेही विचारा. आपल्याकडे गावोगाव फाळाला आणि विळ्याला धार लावणारे आहेत, त्यांना हा प्रश्न चुकवू नका.

मुलींच्या आईवडिलांना एक सांगायचंय. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, खोलीत पुरुष दिसला की आपल्या बायका आल्या पावली परत जातात. तिथे तुमची लेक हवी आहे. तिला मुंबई-पुण्याला पाठवताना जो विचार करता, तो मुलाला पाठवताना करत नाही, हे मला पटत नाही. घरच्या भरिताची आठवण येईल, तर येऊ द्या. तसंही पऱ्हाटीच्या जाळावर वांगं भाजल्याशिवाय भरीत होत नाही, आणि गॅसवरच्याला भरीत म्हणणाऱ्या गावात काही दिवस राहून बघावंच.

तर त्या रकान्यात काय लिहाल? तुमच्या मशीनवर, तुमच्या हातून घडलेली एक गोष्ट. पेशंटचं नाव न लिहिता, चूक झाली असेल तर चुकीसकट. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, त्या दिवशी नेट आणि बँक दोन्ही रुसतात. आणि नाव? दहावीच्या सनदेवरचं, तेच, त्याच क्रमानं.

अजूनही कुणी भेटलं की विचारतं, ती अडकित्त्याची फिल्म आहे का हो तुमच्याकडे? नाही. वाया गेलेल्या फिल्म तेव्हा किलोवर विकल्या जायच्या, त्यातली चांदी काढून घेत. त्या ढिगात तीही गेली.

नमस्कार.