सातबारा मोठ्यानं वाचणारे पटवारी भाऊ

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘चावडीवाचन दरवर्षी का व्हावं’, म्हणजे गावाचे सातबारे चावडीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणं. त्यावर येतोच, पण आपले पटवारी भाऊ जाऊन आज वर्ष झालं, आणि या गावात चावडीवर बोलायचं तर आधी भाऊंवरच बोलावं लागतं, इलाजच नाही. इथं बसलेल्या निम्म्या घरांच्या वारसनोंदी त्यांच्या हातच्या आहेत.

नव्या पोरांसाठी सांगतो. ज्या घरचं काम अडलेलं असायचं त्या घरी भाऊ चहा घेत नसत. ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे, लेकराबाळांची चौकशी करायचे, चहा मात्र फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद, मंजूर झाल्यावरच. मग गावात लोक एकमेकांना विचारायचे, “काय गा, भाऊ चहा पेले का?” आणि पेले म्हटलं की समजायचं, नोंद झाली. (हशा) हसा, हसा, पण साझ्यातल्या, म्हणजे भाऊंकडच्या, सगळ्या गावांत ही पद्धत होती, म्हाताऱ्यांना विचारा.

पीक पाहणी चावडीत बसून भरणारेही आपण पाहिलेत, मागच्या वर्षीचंच उतरवून काढायचं की झालं. भाऊ धुऱ्याधुऱ्यानं फिरायचे, काखेत रजिस्टर, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पऱ्हाटीत तुरीच्या ओळी किती ते मोजून मिश्र पीक लिहायचे. कारण नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, तूर नाही तर हमीभावाच्या खरेदीत पण तूर नाही, हे त्यांना पक्कं माहीत. पैसेवारीच्या, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं ते ठरवायच्या, दिवसांत तर त्यांची झोप उडायची, 50 पैशांच्या वर आकडा गेला की पोरांच्या परीक्षा फीची माफीसुद्धा जाते, म्हणून कापणी होऊन माल तोलला जाईपर्यंत वावरातून हलायचे नाहीत. आता 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं स्वतःच फोटो काढायचा. चांगलंच आहे, पण ज्या म्हाताऱ्याकडे साधा फोन आहे त्याच्या वावरात कोण जाणार, हा प्रश्न मी भाऊंच्या वतीनं विचारून ठेवतो.

बरं, ती गोष्ट सांगायचीच आहे, त्याशिवाय मी खाली बसणार नाही. आपल्याच साझ्यातलं घर, नाव घेत नाही. तीन भाऊ, धाकटा ऐन पेरणीत गेला, मागं बायको आणि दोन लेकरं. सातबारावर नाव फक्त मोठ्याचं आणि त्याच्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या एवढ्याशा शेऱ्यानं किती घरं दाबून ठेवलीत काय सांगू! नवऱ्याचंच नाव उताऱ्यावर नाही तर हिची वारसनोंद कशावर करणार? सोसायटीचं कर्ज नाही, विमा नाही, अनुदान नाही. राबते मात्र सगळ्यांत जास्त.

भाऊंनी काय केलं, तहसिलाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून सासऱ्याच्या मृत्यूच्या वेळचा जुना फेरफार काढला, त्यात तिन्ही भावांची नावं होती, मॅनेजर लिहिताना दोघं मागं राहिले होते. नक्कल घेऊन संध्याकाळी मोठ्याच्या ओसरीवर. मोठा चिडला, म्हणे, “भाऊ, मी का तिले उपाशी ठेवतो का?” भाऊ म्हणाले, “नाही ठेवत दादा, तुमच्यावर माहा भरोसा आहे. पण तुमच्या मांगं तुमचे पोरं काय करतीन, हे लिहून देता का मले?” मोठा बराच वेळ तंबाखू मळत बसला, मग आत जाऊन चष्मा घेऊन आला आणि जबाबावर सही केली. मी तिथं होतो, पोट्टा होतो, कंदील धरायला बसवलं होतं.

मग रीतसर नमुना सहाला, म्हणजे फेरफाराच्या रजिस्टरला, नोंद, सगळ्यांना नोटिसा, चावडीवर प्रत लावली, पंधरा दिवस कोणी हरकत घेतली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केलं. उतारा तयार झाल्यावर भाऊंनी तिला चावडीवर बोलावलं आणि चार लोकांसमोर मोठ्यानं वाचला, क्षेत्र 1 हेक्टर 62 आर, म्हणजे तिच्या वाट्याचे चार एकर, भोगवटादाराच्या रकान्यात तिचं नाव, खाली लेकरांची. तिला वाचता येत नव्हतं. म्हणे, “कुठं आहे, बोट ठेवा.” भाऊंनी बोट ठेवलं, मग त्यांचं बोट सरकवून तिनं आपलं ठेवलं आणि ती ओळ शेवटपर्यंत चाचपली. त्या दिवशी तिच्या घरी भाऊ दोन कप चहा पेले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणतात. बरं, मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

2017 साली संगणकीकृत सातबाऱ्याचं चावडीवाचन झालं तेव्हा कितीतरी चुका लोकांनी जागेवरच पकडल्या, माझ्या आईचं नाव संगणकावर चढवताना गळालं होतं तेही तिथंच कळलं, नंतर जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली, म्हणजे लिहिण्यातल्या चुका दुरुस्त करायच्या कलमाखाली, अर्ज करून करून आम्ही ते परत आणलं. हे वाचन दरवर्षी व्हायला पाहिजे. ऑनलाइन उतारा निघतो, डिजिटल सही असते, सगळं मान्य, पण तो ज्याचं नाव आहे तोच काढतो, ज्याचं नाव सुटलंय तो कशाला काढेल? मोठ्यानं वाचलं की सगळं गाव ऐकतं आणि कोणीतरी उठून म्हणतं, अरे, याची बहीण कुठं गेली? 1956 च्या वारसा कायद्यानं हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा त्याच्या वाट्यावर सारखा हक्क, तरी आपल्याकडे मुलीकडून हक्कसोड लिहून घेतल्यावरच राखीची साडी देतात. कटू आहे पण खरं आहे. आणि घरात कोणी गेलं तर तीन महिन्यांत पटवाऱ्याला कळवायचं असतं, तेरवीच्या यादीतच हे काम लिहून टाकत जा.

सरपंचताई समोर बसल्यात, त्यांना विनंती, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वार्षिक चावडीवाचनाचा ठराव घ्या. मसुदा मी लिहून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर आहे, पेनही ठेवलाय, जाताना सह्या करून जा, आणि बायांनी आधी करा.