सत्तावीस हजारांचा पडदा आणि आठ फुटांची खोली

नमस्कार श्रोतेहो.

दारव्ह्याला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पिक्चर ट्यूबच्या जड डब्यांपासून आजच्या पातळ पडद्यांपर्यंत सगळं माझ्या टेबलावर उघडून झालं आहे. पूर्वी लोक टीव्ही बिघडल्यावर यायचे. आता बरेच जण घ्यायच्या आधी येतात, आणि मला ते फार बरं वाटतं. कापसाचा पहिला वेचा विकला गेला, सोयाबीनचे पैसे हातात आले, की मोबाइल पुढं करून माणूस विचारतो, "भाऊ, हे पाह्य ना. सत्तरचा टीव्ही सत्तावीसले देऊन रायले. घेऊन टाकू का?"

परवा असेच एक शेतकरी आले होते. जवळच्याच खेड्यातले. पंचावन्न इंची, फोर के, एमआरपी सत्तर हजार, ऑफर सत्तावीस हजार. पोट्टे मागं लागलेले, आणि ऑफर रात्री बारा वाजता संपणार होती. मी त्यांना म्हटलं, ऑफर संपू द्या. घरी जा, खाटेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत सुतळी धरा, तिला गाठ मारा आणि उद्या ती सुतळी मला आणून दाखवा.

दुसऱ्या दिवशी ते सुतळी घेऊन आले. तिला दोन गाठी होत्या. दुकानाच्या फरशीवर पसरून मोजली. पहिली गाठ आठ फुटांवर होती, ती घरच्यांच्या खाटेची. दुसरी पाच फुटांवर. ती कशाची, विचारलं. म्हणाले, "मायची. तिले दिसत नाही, थे खाली पुढं सरकून बसते."

श्रोतेहो, मोठा टीव्ही घ्यायचा की नाही, हे अर्ध्याहून जास्त त्या सुतळीवर ठरतं. कसं ते सांगतो.

टीव्हीचं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. फोर के पडद्यावर आडवे 3,840 आणि उभे 2,160 ठिपके असतात, म्हणजे साधारण 83 लाख. फुल एचडीमध्ये 1,920 बाय 1,080, सुमारे 21 लाख. आणि आपल्या छत्रीवरून येणारं साधं एसडी चॅनेल 720 बाय 576 चं, म्हणजे जेमतेम चार लाख ठिपके. आता विचार करा. डीडी फ्री डिशवर महिन्याचा खर्च काही नाही, म्हणून खेड्यात घरोघरी तीच छत्री आहे, आणि तिच्यावरची बहुतेक चॅनेलं एसडीचीच आहेत. चार लाख ठिपक्यांचं चित्र 83 लाख ठिपक्यांच्या पडद्यावर पसरायचं, तर टीव्हीला एकेका ठिपक्याचे वीस करावे लागतात. उरलेले एकोणीस तो अंदाजानं भरतो. म्हणून चेहरे मेणासारखे दिसतात आणि बातम्यांखालची पट्टी पुसट होते. टीव्ही खराब नसतो. त्याला आपण जे पुरवतो तेच कमी असतं.

यात डोळ्याचाही हिशेब आहे. चांगल्या नजरेच्या माणसाला ठरावीक अंतरापलीकडे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, ते एकमेकांत मिसळतात. पंचावन्न इंची पडदा साधारण 122 सेंटीमीटर रुंद आणि 68 सेंटीमीटर उंच असतो. त्यावर एसडीचं चित्र असेल, तर ठिपके मिसळायला तेरा फूट मागं बसावं लागतं. त्रेचाळीस इंचीवर दहा-साडेदहा फूट. बत्तीस इंचीवर आठ फूट. म्हणजे आठ फुटांवर खाट आणि घरात फ्री डिश असेल, तर बत्तीस इंचीवर चित्र नेटकं दिसेल आणि पंचावन्न इंचीवर फाटेल. पैसे जास्त मोजून चित्र वाईट! हे ग्राहकाला कोणी सांगत नाही, म्हणून मी आज इथं बसलो आहे.

आता उलट बाजू. पंचावन्न इंचीवर फुल एचडी चित्र लावलं, तर सात फुटांच्या पलीकडे ते स्वच्छच दिसतं. तिथून मागं बसणाऱ्याला फोर के आणि फुल एचडीमधला फरक जवळजवळ कळत नाही. फोर केचे जास्तीचे ठिपके ज्याला पाहायचे, त्यानं सात फुटांच्या आत बसायला हवं आणि चित्रही फोर केचंच यायला हवं. ते इंटरनेटवरून येतं, आणि तासाला सात जीबीपर्यंत डेटा खातं. आपल्या मोबाइलला दिवसाला दीड-दोन जीबी मिळतो. हॉटस्पॉट लावून क्रिकेटची मॅच फोर केमध्ये पाहायला बसलं, तर पहिल्या चार-पाच षटकांतच दिवसाचा डेटा संपेल. घरात फायबरची तार आली असेल आणि सेकंदाला पंधरा-वीस मेगाबिटचा वेग खरोखर मिळत असेल, तर गोष्ट वेगळी.

माझं मत विचाराल, तर मोठेपणाला किंमत आहे. फोर के या दोन अक्षरांना खेड्यातल्या घरात अजून तेवढी नाही. आता मोठ्या आकारात बहुतेक टीव्ही फोर केच येतात, त्यामुळे ती अक्षरं आपोआप मिळतील. पण त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

सवलतीचं बोलू. सत्तर हजार हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, पण त्या भावानं तो टीव्ही बाजारात कोणी विकत घेत नाही. तेव्हा किती टक्के सूट, हे पाहायचंच नाही. तोच मॉडेल नंबर घेऊन यवतमाळच्या दोन-तीन दुकानांत विचारायचं आणि हातात पडणारा भाव तोलायचा. मोबाइलवरच्या भावाखाली बारीक अक्षरं असतात, तीही वाचा. त्या सत्तावीस हजारांत बऱ्याचदा अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डाची सूट आणि जुन्या टीव्हीची किंमत आधीच वजा केलेली असते. आपल्याकडे कार्ड नाही आणि जुना टीव्ही कधीच भंगारात गेला, मग तो भाव आपला नाही. बिनव्याजी हप्त्यातही बऱ्याचदा प्रोसेसिंग फी लागते, आणि कार्डावरचा हप्ता असेल तर व्याजावरचा जीएसटीही येतो.

एक सूट मात्र खरी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. जुन्या करानं चाळीस हजारांना पडणारा टीव्ही त्यामुळे सुमारे 36,900 ला यायला हवा. दुकानदार ही कपात स्वतःची ऑफर म्हणून सांगत असेल, तर त्याला विचारा, कराची सूट सोडून तुमची किती?

आणखी एक गोष्ट मी टेबलावर रोज पाहतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत फोर के, आणि खाली बारीक अक्षरांत सपोर्टेड. याचा अर्थ टीव्ही फोर केचा व्हिडिओ चालवू शकतो, पण पडदा साधाच असतो, कधीकधी 1,366 बाय 768 चा. पडद्याचं रिझोल्यूशन 3,840 बाय 2,160 असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तरच तो फोर के. एचडीआरचंही, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार जास्त ठसठशीत दाखवायच्या सोयीचंही, तसंच. ते दिसायला पडदा भरपूर उजेडाचा लागतो. स्वस्त टीव्हीत नाव असतं, उजेड नसतो. आपल्या घरात दिवसा दार उघडं, सपरीतून ऊन आत येतं, तिथं अशा पडद्यावर आपलंच तोंड दिसतं.

आता दुरुस्तीचं. इथं मी थोडा वेळ घेतो, कारण हे मी हातानं करतो.

परवाचाच पंचावन्न इंची टीव्ही सांगतो. दीड वर्ष जुना, वॉरंटी एका वर्षाची. आवाज येत होता, चित्र नव्हतं. दुकानातले दिवे बंद केले, मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका धरला, तर आत बातम्या देणारी बाई अंधुक दिसली. म्हणजे चित्र होतं, मागचा उजेड गेला होता. या पडद्यांच्या मागं एलईडीच्या पट्ट्या असतात, प्रत्येक दिव्यावर छोटं भिंग बसवलेलं. एका रांगेतला एक दिवा जळाला, तर सगळा उजेड जातो. पट्टी काही फार महाग नाही. पण तिच्यापर्यंत पोचायला काचेचा पडदा उचलून बाजूला ठेवावा लागतो. पंचावन्न इंचीचा पडदा मोठ्या परातीतल्या पापडासारखा असतो. दोन माणसं लागतात, सारख्या वेळी उचलावं लागतं, आणि श्वास रोखून. तो तडकला की टीव्ही गेला, कारण नवा पॅनल घालायचा तर खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा. त्रेचाळीस इंचीचं हेच काम मी निम्म्या जोखमीत करतो. या टीव्हीचा उजेड घेतल्या दिवसापासून शंभरावर ठेवलेला होता. घरी नेल्यावर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट साठावर आणा. पट्ट्या जास्त टिकतात आणि वीजही कमी लागते.

विजेचाही हिशेब करा. पंचावन्न इंची टीव्ही साधारण 120 वॅट घेतो असं धरलं, तर रोज पाच तासांचे महिन्याला अठरा युनिट होतात. महावितरणचा पहिला टप्पा शंभर युनिटांचा. ज्यांचं बिल नव्वदच्या आसपास राहतं, त्यांचा टीव्हीमुळे वरचा टप्पा सुरू होईल. त्यात गावाच्या टोकाच्या घरांना दाब कमी-जास्त होतो. मृगाच्या पहिल्या गडगडाटाला विजेचा प्लग आणि छत्रीची तार, दोन्ही काढायची. नुसतं रिमोटनं बंद केल्यानं काही वाचत नाही, वीज छत्रीच्या तारेतूनही घरात येते. घराला अर्थिंग नसेल, तर टीव्हीच्या आधी ते करून घ्या. आणि उन्हाळा. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत 40 अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाखालच्या खोलीत दुपारी काय होत असेल, ते तुम्हालाच माहीत. भर दुपारी दोन-तीन तास टीव्हीला विश्रांती द्या आणि तो भिंतीला अगदी चिकटवू नका. पांढऱ्या मातीची भिंत असेल तर टांगूच नका, स्क्रू धरत नाहीत. टेबलावर ठेवायचा तर टेबलाची रुंदी मोजा, कारण मोठ्या टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात.

एक माझी स्वतःची गोष्ट. बहिणीच्या लग्नात आंदण म्हणून मी पन्नास इंची टीव्ही घेतला होता. पिकअपमध्ये गाद्यांवर आडवा टाकला, वाटलं गाद्या आहेत, धक्का बसणार नाही. मांडवात खोकं उघडलं, टीव्ही लावला, आणि पडद्यावर एका कोपऱ्यापासून कोळ्याचं जाळं. वॉरंटीत फुटतूट बसत नाही, असं उत्तर आलं. बहीण काही बोलली नाही. तिनं तो तसाच भिंतीशी उभा करून वर ओढणी टाकली, ते मला अजून दिसतं. टीव्ही नेहमी उभा न्यायचा, खोक्यावरचा बाण वरच्या बाजूला, आणि दोन्हीकडून माणसानं धरायचा. मोबाइलवरून मागवला, तर बऱ्याच खेड्यांत गाडी येत नाही, खोकं तालुक्यावरून स्वतः आणावं लागतं. खोकं उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून व्हिडिओ काढा. आणि घ्यायच्या आधीच विचारा की दुरुस्तीला माणूस गावात येणार का, की टीव्ही अमरावती-नागपूरला पाठवायचा. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

मोठा टीव्ही कोणाला घ्यावा, हेही सांगतो. ज्यांची बैठक लांब आहे, घरात फायबर किंवा एचडीचा बॉक्स आहे, दहा माणसं एकत्र बसून पाहतात, त्यांनी जरूर घ्यावा. जिल्हा परिषद शाळेच्या वर्गासाठी तर मी पासष्ट इंचीच सांगतो. शेवटच्या ओळीतल्या पोरीला पडद्यावरची आकृती दिसली पाहिजे.

त्या सुतळीवाल्या भावांबरोबर मी बाजारात गेलो होतो. दुकानात पंचावन्न इंचीवर समुद्रातले रंगीत मासे पोहत होते. असा व्हिडिओ सगळीकडे लावलेला असतो, तो खास फोर केमध्ये काढलेला असतो. मी दुकानदाराला म्हटलं, मासे काढा, फ्री डिशवरच्या मराठी बातम्या लावा. त्यांना सेट टॉप बॉक्स शोधून जोडायला थोडा वेळ लागला, पण त्यांनी जोडला. भावांनी खिशातून सुतळी काढली, एक टोक पोरानं टीव्हीच्या काचेशी धरलं, ते स्वतः आठ फुटांच्या गाठीवर उभे राहिले. बराच वेळ खालची पट्टी वाचायचा प्रयत्न केला. मग त्रेचाळीस इंचीपुढं तेच केलं. शेवटी पाच फुटांच्या गाठीवर खाली मांडी घालून बसले, मायच्या जागी, मायच्या उंचीवर, आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"ह्योच द्या," म्हणाले, "आन् हळू बांधा, उभा न्याचा हाये."

नमस्कार.